दाखवायच्या गोळ्या

"मॅडम, एक-दोन तरी गोया लिहून द्या ना. रिकाम्या हातानं घरी कशी जाऊ?"

वंदना मॅडम हसल्या नाहीत, हे धम्मशीलाला फार बरं वाटलं. "गोळ्या देणारे डॉक्टर वेगळे. मी मानसशास्त्रज्ञ. इथं तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं, आणि गाठ कुठं बसलीय ते दोघींनी मिळून शोधायचं. पुढच्या गुरुवारी या."

आता हे पिंपळगाव राजात कोणाला सांगावं? तिथं आजार म्हणजे सुई, नाहीतर गोळी. नुसतं बोलायला एसटीनं खामगावला कोण जातं? गावातले ओटे काय ओस पडलेत? आधीच सासू, जनकाबाई, 'डोक्याच्या दवाखान्यात' पाठवायला तयार नव्हती. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं सरकारी दवाखान्यातल्या या खोलीचा पत्ता दिला, नवऱ्यानं, नागसेननं, आईची समजूत काढली, तेव्हा कुठं घोडं गंगेत न्हालं.

सातव्या महिन्यात धम्मशीलाचं लेकरू पोटातच गेलं, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून झोप नाही, घास उतरत नाही. घरात त्या लेकराचा विषय कोणी काढत नसे. त्याचं नाव तिनं मनातल्या मनात ठेवलं होतं, ते तर कोणाला ठाऊकच नव्हतं. आज मॅडमपुढं ते ओठांवर आलं, पण रडूच आवरेना. मॅडम म्हणाल्या, घाई नाही. गुरुवारी सांगायचंच, असं तिनं ठरवलं.

दवाखान्यासमोरच्या मेडिकलमधून तिनं कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी घेतली.

"काय देलं वं त्या बाईनं?" जनकाबाईनं दारातच विचारलं. पट्टी पाहून तिचा जीव भांड्यात पडला. "हाव, मंग ठीक आहे. मले वाटलं, नुसत्या गप्पाच मारते का काय."

त्या आठवड्यात धम्मशीलाला थोडी झोप लागली. भाकरीही जरा जास्त गेली. "गोया लागू पडल्या," सासू शेजारणीला सांगत होती. धम्मशीला ऐकून मनात हसायची आणि गुरुवारची वाट बघायची.

बुधवारी संध्याकाळी नागसेन खुशीत घरी आला. त्यानं खिशातून पट्ट्या काढून तिच्या ओंजळीत ठेवल्या. त्याच गोळ्या.

"आपल्या गावातच भेटतात वं. तुही पट्टी दाखवली मेडिकलवाल्याले. आता खामगावचे हेलपाटे बंद."

"पण मॅडमनं उद्या बलावलं ना."

"काऊन? गुण तं आला तुले." तो मायेनंच बोलत होता, आणि तेच तर वाईट होतं.

गुण गोळ्यांचा नाही, हे त्याला कसं सांगणार? सांगावं, तर खोटं बोलली म्हणून गुरुवार कायमचा गेला. सांगू नये, तरी गेलाच. पोरीनं आपल्याच हातानं दाराला कडी लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर खामगावच्या एसटीचा हॉर्न वाजला, तेव्हा ती भाकरी थापत होती. तव्यावरच्या भाकरीला पाणी लावता लावता तिनं ते नाव एकदा हळूच उच्चारलं.

"काय म्हटलं वं?" जनकाबाईनं ओट्यावरून विचारलं.

"काही नाही, आई," धम्मशीला म्हणाली. "गोयी घेतली म्हटलं."