मी बद्द वाजलो

मी चिनी मातीचं घड्याळ बोलतोय. बोलायला हवं होतं तेव्हा तोंड उघडलं नाही, म्हणून आज बोलतोय.

माझा जन्म परदेशातला. अंगावर निळी फुलं, कडेला सोनेरी रेघ. एका मालगुजाराच्या बैठकीत मी बरीच वर्षं मिरवलो. पुढे त्याच्या सामानाचा लिलाव झाला. एकोडीचे मारोतराव बैलजोडी घ्यायला निघाले होते, ते मला घेऊन घरी आले. साऱ्या गावाने त्यांना वेड्यात काढलं.

त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, मला रोज न चुकता चावी दिली. एका दिवाळीत पुसताना मी त्यांच्या हातून निसटलो आणि माझा डावा पाय तडकला. मारोतरावांनी लाख तापवून तो जोडला, वर रंग दिला. बायकोला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे बाईही ते विसरल्या.

मारोतराव गेले. गेल्या उन्हाळ्यात जुन्या घड्याळांचे शौकीन भैय्याजी अड्याळहून आले. बाईंनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. किंमत विचारलीच नाही.

"भाऊ, माह्या मानसाले लोकं येडा म्हनत. तो खरंच येडा होता का, येवढंच सांगा."

चिनी मातीची पारख टिचकीने होते. धड असली तर खणखणते, तडकलेली बद्द वाजते. भैय्याजींनी मला उलटं करून कारखान्याची खूण पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. मग लाखेचा जोड चाचपून नेमकी तिथेच टिचकी मारली. मी बद्द वाजलो.

"आयकलं ना बाई? मातीच हाय. म्हनत असान तं नेतो, शोभेले."

बाई मारोतरावांच्या फोटोकडे पाहत राहिल्या. "न्या. चाळीस वर्सं मी याच्यापायी लोकायसंग भांडून राहिली."

आता मी भैय्याजींच्या काचेच्या कपाटात असतो. पाहुणे आले की ते माझ्या खांद्यावर टिचकी मारतात. मी खणखणतो, पाहुणे वाहवा करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लबाडी त्यांची, पण खोटी साक्ष माझ्या अंगाने दिली.

परवा भैय्याजींची बायको चंद्रकला एकोडीला जाऊन आली. म्हणाली, "बाई आता सोताच हासून सांगते, माहा मानूस येडाच होता."

कोणी तिकडे जात असाल तर मला नेऊ नका, त्यांच्यापुढे उभं राहायचं माझं तोंड नाही. फक्त सांगा, बाई, तुम्ही चाळीस वर्षं खऱ्यासाठीच भांडलात.