चार नंबरच्या दारावरचा हूक

मी एक जुना हूक आहे, मित्रांनो. पोत्यात खुपसून ओढायचा, हमालाचा. जळकोटच्या लोहाराने मला घडवलं. उमरीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, धम्मानंदकाकांच्या हाती पडलो, त्याला चाळीस वर्षं झाली.

काका हमालांचे पुढारी. मोंढ्यात त्यांच्या वस्तीतल्या हमालांसाठी पाण्याचा वेगळा रांजण असे. तो काकांनी माझ्याच टोकाने फोडला. मार खाल्ला बिचाऱ्यांनी, पण पुढे सगळे एकाच माठातलं पाणी पिऊ लागले.

मग एकदा पोत्यांची थप्पी कोसळून दोन हमाल गेले. तेव्हापासून काकांनी रीतच पाडली. थप्पी कलली की मला गोदामाच्या दाराला टांगायचं. मी दाराला दिसलो की मालक येवो नाहीतर मालकाचा बाप, कुणी आत पाऊल टाकत नसे. मी नसलो की बिनघोर आत जायचं.

काल संध्याकाळी चार नंबरच्या गोदामातली थप्पी कलली. काकांनी मला टांगलं आणि घरी गेले.

आज काकांचा सत्कार होता. सत्कार करणाऱ्या मंडळींना काय ती हौस! सकाळीच मला दारावरून काढलं, तेल चोळलं, काचेच्या पेटीत ठेवलं आणि मोंढ्यातल्याच मांडवात नेलं. मी आतून तळमळत होतो. पण लोखंडाचं कोण ऐकतं?

भाषणांवर भाषणं झाली. शेवटी पेटी काकांच्या हातात दिली. मला बघताच त्यांचा चेहरा उतरला. शेजारी शहेबाज हमाल उभा होता.

"शहेबाज, ह्यो हिथं कसा? दाराला काय हाय मंग?"

"खिळा रिकामाच हाय, काका." शहेबाज एकदम गोदामाकडे वळला. "अन् अम्मी... बायांसंग आत झाडून राहिली!"

काकांनी पेटी आपटून फोडली. हार गळ्यात तसाच, आणि ऐंशीचा माणूस मला घेऊन धावत सुटला. खिळ्यावर मला अडकवून ओरडले, "भायेर या! समद्या भायेर!"

बाया पळत आल्या. शहेबाजची आई मलिकाबी सगळ्यांत मागे होती. वर पोती सरकू लागली होती. तिने उंबरा ओलांडला आणि मागे थप्पी धाडकन खाली आली. दारातून नुसता धुरळा बाहेर आला.

शहेबाज आईला बिलगून रडला. काका धापा टाकत म्हणाले, "माझं लई कवतिक केलं रे. पण खिळा कामून रिकामा केला?"

मित्रांनो, काका आता थकले आहेत. पाच नंबरची थप्पीही मला सरळ दिसत नाही. आणि मंडळी माझ्या पेटीला नवी काच आणायला गेली आहेत. त्यांना कुणीतरी अडवा हो. मला गंजू द्या, पण दाराला राहू द्या.