जपाचं माप

आप्पांना माती देताना त्यांचं इष्टलिंग त्यांच्याच तळहातावर ठेवलं, लिंगायतांची रीतच तशी. चष्मा मठात कुणाला तरी चालला, धोतरं वाटून झाली. उरली ती कानात घालायच्या इअरफोनची तीन जोडकी. त्यातल्या तिसऱ्याचं काय करायचं, ते त्यांच्या लेकीला, शिवरंजनीला, आज ठरवायचं होतं. हैदराबादला आप्पांच्या कानांचे साचे घेऊन बनवलेलं होतं ते. दुसऱ्या कुणाच्या कानात ते धड बसण्याची आशा नव्हती.

आप्पांचं, म्हणजे गुरुसिद्धप्पा कापडवाल्याचं, हे वेड अख्ख्या राणीसावरगावाला ठाऊक होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या गादीवर मांडी घालून मठातल्या भजनाचं एकच ध्वनिमुद्रण ते निरनिराळ्या इन-इअरमधून ऐकत बसत. ध्वनिमुद्रणही त्यांनीच केलेलं, फार वर्षांपूर्वी. मग पुण्याला लेकीला फोन. बोलणं सगळं कापडाच्या भाषेत.

"हे नवं टेरिकॉट हाय बघ. झांज लखलखती, पण ऊब न्हाई."

दुसऱ्या जोडक्याला ते गोधडी म्हणत. उबदार आहे, पण आत कोण निजलंय ते कळत नाही. मापाचं तिसरं जोडकं आलं तेव्हा मात्र भजन दोनदा ऐकून मगच त्यांनी फोन लावला. म्हणाले, "मलमल हाय गं. धुऊन धुऊन मऊ झालेली. रंजू, ह्या भजनात पखवाजाच्या खाली आनखी एक काहीतरी हाय. इतकी वरसं ऐकतोय, मला आज गावलं. सांगत न्हाई. तू आली की ऐकून वळख."

ती आली तेव्हा ऐकवणारं माणूस उरलं नव्हतं.

टेरिकॉटमधून तिला झांजा ऐकू आल्या, इतक्या स्वच्छ की दात शिवशिवले. गोधडीतून पखवाज आला आणि त्यानं बाकी सगळं पोटात घेतलं. मलमल तर तिच्या कानात बसेचना. फट राहिली की खालचा आवाज निघून जातो, एवढं आप्पांनीच तिला शिकवलं होतं. बोटांनी दाबून धरलं तरी भजन पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येत राहिलं.

शेवटी तिनं बनवणाऱ्याला फोन केला. तो अदबीनं बोलला. पाठवून द्या म्हणाला. कवच फोडून आतला ऐवज तुमच्या कानांच्या साच्यात बसवून देतो, आवाज तोच राहील.

खोकं तयार होतं. पत्ता लिहून झाला होता. तरी तिनं मलमलचे ते दोन मणी पुन्हा तळहातावर घेतले. मधासारख्या रंगाचे, आतून पारदर्शक. प्रत्येकाला कानाच्या खळग्यातून आत शिरणाऱ्या वळणाची हुबेहूब नक्कल. आप्पांच्या देहाचा आकार म्हणावा असं घरात आता एवढंच होतं. ते फोडल्याशिवाय त्यांनी काय ऐकलं ते कळणार नव्हतं.

"बसली का बोंडं घेऊन?" त्रिवेणीआत्या फोडायच्या शेंगांचं सूप घेऊन दारात टेकली. ती आप्पांची धाकटी बहीण. "बाप तसाच. कानात बोंडं, आन् तोंड आ वासलेलं. गिऱ्हाईक म्हनायचं, सावकाराला झोप लागली."

"तोंड का उघडं ठेवायचे, आत्या?"

"त्याबिगर ती बसायचीच न्हाईत ना. मीच गेलते संगट हैदराबादला. गाडीतून उतरलो ते थेट तिथंच. पूजा व्हायचीय. साच्यासाठी कानात ते लगद्यासारखं भरायच्या आधी तिथली पोरगी म्हनली, काका, हा स्पंज दातात धरा, जबडा हलू देऊ नका, माप बिघडतं. तुजा बाप म्हनतो, लिंगपूजेआधी मी पान्याचा थेंब घेत न्हाई, स्पंज कसा धरू? आन् डोळे मिटून लागला की जप करायला. हनुवटी आपली वर-खाली, वर-खाली. ती बिचारी कपाळाला हात लावून बसली."

"मग माप परत नाही करून घेतलं?"

"म्हनलं मी. तर म्हनला, ऱ्हाऊ दे, जपाचं माप हाय." आत्यानं एक शेंग फोडली. "लय हट्टी."

शिवरंजनीनं मणी कानात घातले. ओठ जरासे विलग केले. काहीच झालं नाही. मग लहानपणी आप्पांच्या मांडीवर बसून म्हणायची तसं तिनं आवाज न करता म्हणून पाहिलं, नमः शिवाय. दुसऱ्या खेपेला 'वा'वर हनुवटी खाली गेली आणि डावा मणी अलगद आत सरकला. उजवा सैलच राहिला. हनुवटी तिथंच धरून तिनं भजन लावलं.

डाव्या कानात पखवाज उतरला, खोल आणि मऊ. त्याच्याही खाली, तालात न बसणारं, संथ धुक धुक धुक.

तिनं ओळखलं. मठासमोरची पिठाची गिरणी. शाळेतून येताना त्या दारात पिठाचा गरम वास घेत ती उभी राहायची, आणि आप्पा दुकानातून हाक मारायचे.

"काय म्हनतंय?" आत्यानं हातानं खुणावत विचारलं.

"गिरणी," ती म्हणाली, आणि तोंड हलल्याबरोबर मणी निसटला.

"मठापुढची? ती बंद पडून जमाना झाला."

"हो."

आत्या शेंगा घेऊन आत गेली. ज्यांना ओळख पटल्याचं सांगायचं, त्या आप्पांसाठी शिवरंजनीकडे 'गिरणी' एवढा एकच शब्द होता, आणि तो आत्याजवळ वापरून झाला होता. तिनं खोक्यावरचा पत्त्याचा कागद सोलून काढला. मग मणी पुन्हा बसवला आणि दुपारच्या रिकाम्या घरात, तोंड अर्धं उघडं ठेवून, गिरणी थांबेपर्यंत बसून राहिली.