पडवीतला केर

देवबागला काशीबाईंच्या घरात आम्ही महिनाभर भाड्याने राहिलो, त्यातले दहा दिवस कचऱ्यात. त्या कचऱ्यावर पहारा मीच करत होते.

साल एकोणीसशे एकोणसाठ. यांचा टायफॉइड नुकताच उतरला होता आणि डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत आरोग्य शिकवायचे, त्यामुळे मे महिना मोकळा होता. काशीबाईंनी दोन खोल्या आणि पुढची पडवी आम्हाला दिली, आणि स्वतः मुलाला घेऊन मागच्या स्वयंपाकघरात राहू लागल्या. मासळी विकून संसार केलेली विधवा बाई. तिने विश्वासाने घर दिलंय, तर ते आपल्या घराहून स्वच्छ ठेवायचं, असा पणच मी केला. दिवसातून तीनदा झाडायचे. "भिंती तरी राहू दे," असं हे म्हणायचे.

काशीबाईंचा एकुलता एक बाबली मे महिन्याच्या मध्यावर मुंबईला निघाला. त्याने दर्यावर जाऊ नये म्हणून आईनेच हातापाया पडून गोदीत नोकरी मिळवली होती. देवापुढे नारळ फुटला, हातावर दही पडलं, आणि होडीने मालवण बंदर गाठून बोट धरायला तो बाहेर पडला. काशीबाई त्याला पोचवायला खाडीपर्यंत गेल्या. पडवीत नारळाच्या शेंड्या, अक्षता, ट्रंकेला बांधलेल्या सुंभाचे तुकडे, सगळा पसारा. त्या परत यायच्या आत घर लख्ख दिसावं म्हणून मी झावळीच्या हिरांचा झाडू घेतला आणि पाच मिनिटांत केर माडाच्या बुंध्याशी टाकला.

काशीबाई आल्या, पडवीकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"माझो झील आत्ता भायर पडलो आणि तुमी पाठोपाठ केर काढलात? ह्यां काय केलात गो बाई!"

जाणारा पोचेपर्यंत मागे केर काढू नये, ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. माझी आईही पाळायची. पण मी शिकलेली ना! शिवाय चूक झाली की मला आधी राग येतो. "केरानं कुठे बोट बुडते का?" मी फटकन बोलले.

त्या रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "ह्येचो बापूस मचव्यार दर्यात गेलो, तेव्हा पावणे येवचे होते म्हणान मियाच घर झाडलंय. तो परत येवक नाय."

त्या उठल्या, माडाखालचा केर ओंजळीने भरून आणला आणि पडवीभर पसरला.

"बाबलीचो कागद येवंदे. तोपर्यंत हय झाडू लावू नकात."

चार दिवस गेले, सहा गेले. काशीबाई मासळीची पाटी घेऊन बाजाराला जात, परत आल्या की आधी पडवीकडे बघत आणि मग माझ्याकडे. जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. वारा सुटला की अक्षता अंगणाकडे धावत, मी त्या वेचून परत आणून ठेवायचे. शेजारची कोंबडी सुंभाचा तुकडा घेऊन पळाली, तर मी तिच्यामागे बांधापर्यंत गेले. यांनी एकदा चहा सांडला आणि पुसायला फडकं घेतलं, तेव्हा मी अशी ओरडले की बिचाऱ्यांच्या हातून कपही पडला. मग त्या कपाचे तुकडेही तिथेच राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. केराने बोट बुडत नाही हे मी मुलींना शंभरदा समजावलं असतं. पण पोस्टमन सायकल न थांबवता गेला की केर जागेवर आहे ना, ते मी पुन्हा बघून यायचे. त्या बाईचा मुलगा सुखरूप असू दे, एवढंच मी मागत होते.

दहाव्या दिवशी सायकल थांबली. काशीबाईंना वाचता येत नव्हतं. कार्ड मी वाचून दाखवलं. बाबली पोचला होता. बोट लागून उलट्या झाल्या, चार दिवस पडून होता, म्हणून उशीर. आता कामावर जातो, आईने जेवावं.

काशीबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मग त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलून माझ्या हातात दिला.

"आता तुमीच काढा."

इतक्या आनंदाने मी आयुष्यात केर काढलेला नाही.

महिनाअखेर आम्ही निघालो. हे स्वतःच्या पायांनी, पिशवी हातात घेऊन चालत होते. आदल्या दिवशीच मी घर सारवून ठेवलं होतं. निघताना पडवीत यांच्या औषधाचे कागद पडले, ते उचलायला मी वाकले, तर काशीबाईंनी माझा हात धरला. "रवांदेत."

घरी आल्यावर शाळा सुरू झाली, पहिला पाऊस, वह्या, पाहुणे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक कार्ड आलं, पोस्टमनकडून लिहून घेतलेलं. दोनच ओळी.

'तुम्ही सुखरूप पोचलात का? पडवी अजून झाडलेली नाही.'

मला इतकी लाज वाटली की चुलीवरचं दूध उतरवून तशीच तारऑफिसात गेले. कारकुनाने मजकूर वाचून वर पाहिलं. "बाई, एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "पोचलो. झाडा."