कपाटातलं खोगीर

मित्रांनो, मी खोगीर आहे. पण माझ्यावर आजवर कुणी बसलेलं नाही आणि माझ्याखाली घोडाही नाही. विद्यापीठाच्या गणित विभागातला मी एक जुना लाकडी नमुना. दोन बाजूंना वर चढलेला, दोन बाजूंना खाली उतरलेला, मांडीवर मावेल एवढा. तुम्ही हळहळावं म्हणून मी ही कहाणी सांगत नाही. मला एक भांडण सांगायचं आहे, आणि त्यात मी कुणाच्या बाजूचा हे आधीच सांगून टाकतो. मी वकीलबाईच्या बाजूचा.

माझा जन्म विभागामागच्या सुतारशाळेत झाला. भूमिती शिकवणारे एक सर पुठ्ठ्याचे साचे कापून घेऊन आले आणि सुतारकाकांना म्हणाले, "असा आकार हवा." काकांनी साचे उलटसुलट करून पाहिले, मान खाजवली आणि कामाला लागले. तासून, कानस मारून, पॉलिशपेपरने घासघासून त्यांनी मला असा गुळगुळीत केला की बोट ठेवलं की घसरत जावं. काम संपल्यावर ते म्हणाले, "खोगीर झालं, सर. घोडा तेवढा तुमचा तुम्ही आणा."

पुढची कितीतरी वर्षं माझी चंगळ होती. वर्गात मी या बाकावरून त्या बाकावर फिरायचो. मुलं माझ्यावर गोट्या सोडायची, खडूने रेघा मारायची, तास कंटाळवाणा असला तर माझ्यावर डोकं टेकवून डुलकीही काढायची. एवढ्या हातांचा घाम प्यायल्यामुळे माझा रंग मधासारखा झाला होता.

मग भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत आकार फिरू लागले. फिरोत बापडे! माझं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. पण पडदा आला म्हणून मला कोंडायचं काय कारण? विभागप्रमुखांच्या खोलीत काचेचं कपाट आलं, त्यात मला ठेवलं, बाहेर पाटी लागली: 'हात लावू नये.' पाहुणे आले की विभागप्रमुख सर म्हणायचे, "हा आमचा ठेवा." पाहुणे "वा वा" म्हणायचे आणि चहा घ्यायचे. मी आत धूळ खात होतो आणि लोक त्याला माझा सन्मान म्हणत होते.

अशात एक दिवस एक मुलगी त्या खोलीत आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पांढरी काठी खुर्चीला टेकवून ती सरांच्या समोर बसली. हातात विणकाम होतं, कारण सुया चालू असल्या की तिचं ऐकण्यात लक्ष लागायचं. वर्गातली मुलं तिला वकीलबाई म्हणायची. का, ते मला लगेच कळलं.

सर मायेनेच बोलत होते. "हे बघ, भूमितीच्या पेपरात तुला आकृत्यांच्या प्रश्नांची सूट आहे. सरासरीने गुण देऊ. तू काही काळजी करू नकोस."

"सूट नको, सर. आकृती द्या."

"अगं, आकृती कशी देणार तुला?"

"हातात द्या. भूमितीच्या बाई म्हणाल्या, तुमच्या कपाटात आहेत."

"ते नमुने फार जुने आहेत. मागे एक फुटला तर मला वरपर्यंत उत्तरं द्यावी लागली होती. पडलं, तुटलं म्हणजे?"

"तुटलं तर तुटलं. आत्ता तरी ते कुणाच्या काय कामाचं आहे?"

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला मात्र काचेआडून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. शेवटी तिच्यासोबत आलेल्या भूमितीच्या बाई मध्ये पडल्या. "जबाबदारी माझी," असं म्हणून त्यांनी किल्ली घेतली.

बाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. किती वर्षांनी मला माणसाचा हात लागत होता! तिने घाई केली नाही. आधी कडा चाचपल्या, मग हळूहळू तळवे आत सरकवले. मधोमध येऊन बोट थांबलं. ती तिथून पुढेमागे गेली, तर चढ. डावीउजवीकडे गेली, तर उतार.

"बाई, खोगीर कसलं? ही तर खिंड आहे! दोन डोंगरांच्या मधली. या वाटेनं आलं तर सगळ्यात खालची जागा, आणि त्या वाटेनं आलं तर तीच सगळ्यात वरची."

मग तिने विणकामाची सुई काढून माझ्यावर आडवी ठेवली. सुई डुगडुगली. तिने ती जरा फिरवली, आणि एका दिशेला सुई माझ्या अंगाला टोकापासून टोकापर्यंत चिकटून बसली. मध्ये कुठे फट नाही. आणखी फिरवली, तर दुसऱ्या एका दिशेलाही तसंच.

"एवढ्या वाकड्या अंगात सरळ रेषा!" ती मोठ्याने हसली.

तिची मैत्रीण शेजारीच होती. ती म्हणाली, "हे समीकरणात आहे गं. मी पाठसुद्धा केलंय. पण असं असतं, हे आज कळलं."

त्या आठवड्यात मुलांची रीघ लागली. ज्याला त्याला सुई ठेवून बघायची होती. त्या ओढाताणीत मी मैत्रिणीच्या हातून निसटलो आणि फरशीवर आपटलो. एका कोपऱ्याचा टवका उडाला. सरांनी मला उचललं, कपाटात ठेवलं, किल्ली खिशात टाकली. "म्हणूनच सांगत होतो," एवढंच ते म्हणाले, पण म्हणताना बघितलं वकीलबाईकडे. तिचा हातही लागला नव्हता. "सर, माझ्या हातून पडलं," मैत्रीण म्हणत राहिली, ते त्यांनी ऐकलंच नाही.

पुढच्या महिन्यात एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी शिबिरासाठी निवड होती. दूरदूरच्या विद्यापीठांतली निवडक मुलं तिथे मोठ्या गणितज्ञांसोबत काम करतात. मुलाखती सरांच्याच खोलीत झाल्या. निवड करायला आलेल्या बाई केस पिकलेल्या, शांत आवाजाच्या होत्या. वकीलबाई बसताच त्या म्हणाल्या, "तुला आकृती नसलेलं काहीतरी विचारते हं."

"नको, मॅडम. आकृतीचंच विचारा. आणि तुमच्या मागच्या कपाटातलं खोगीर मला काढून द्यायला सांगा."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांचा हात खिशाकडे गेला, थबकला, आणि मग कुलूप उघडल्याचा आवाज आला. मला तिच्या हातात देताना ते हळूच म्हणाले, "कोपऱ्याला धार आहे. बोट जप."

तिने खिंड समजावली. सुई ठेवून दोन्ही रेषा दाखवल्या. मॅडमनी विचारलं, "आणि चेंडूवर सुई ठेवली तर?"

"चेंडूवर सुई एकाच ठिकाणी टेकेल."

"बरं. मग असा एखादा पृष्ठभाग असेल का, की ज्याच्या प्रत्येक बिंदूतून तीन सरळ रेषा जातात?"

तिची बोटं माझ्यावर फिरत राहिली. मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण वाटतं, तसं असेल तर तो सपाटच असणार. तिसरी रेषा शिरली की वाकायला जागाच उरत नाही. सिद्ध करायला मला वेळ लागेल."

"त्यासाठीच तर शिबिर असतं," मॅडम म्हणाल्या.

वकीलबाई शिबिराला गेली. सरांनी 'हात लावू नये' ही पाटी स्वतः उचकटून काढली आणि मला वर्गात पाठवलं. कोपरा भरून घेऊ या, असं कुणीतरी सुचवलं. बाई नको म्हणाल्या, आणि बरं केलं त्यांनी. तो टवका मला शोभतो.

मित्रांनो, तुमच्या विभागातही कुठेतरी काचेआड नमुने असतील, न उघडलेली पुस्तकं असतील, फक्त पाहुण्यांसाठी उघडणारी खोली असेल. ते सारं तुमचं आहे. आम्हाला जपा, जरूर जपा. पण हातात घेऊन जपा. किल्ली मागा. नाही म्हणाले, तर कारण विचारा आणि पुन्हा मागा. आम्ही पडू, झिजू, आमचे टवके उडतील. उडू देत. आम्हाला लाकूड म्हणून टिकायचं नाही, तुमच्या डोक्यात शिरायचं आहे.