पाव चांदी, पाऊण शब्द

टक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं. अर्धा तास थोपटून मिळवलेली शांतता, आणि त्यात स्वयंपाकघरातून हा आवाज. पाय न वाजवता गेले तर एलोईज टेबलाखाली बसलेली. साडेपाच वर्षांची माझी लेक. नाण्याची प्लास्टिकची डबी तिने दातांनी उघडली होती आणि चांदीचं अस्वल जिभेला लावून बघत होती.

"गार लागतं," ती म्हणाली. "गोड नाहीये."

"ते खायचं नाणं नाही. ठेव."

"मग कशाचं आहे?"

"मामाँच्या शाळेचं. माझ्या."

खोटं नव्हतं ते. रविवारी जेवताना मी घरात सांगितलं होतं की नर्सिंगच्या वर्गात मला जागा मिळालीय, पण शुक्रवारपर्यंत हजार डॉलर भरले नाहीत तर ती यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. रेआल, माझा नवरा, ताटात बघत राहिला. घर तापवणारी भट्टी जानेवारीत बंद पडली होती, आणि आमच्याकडे होतं नव्हतं ते सगळं नव्या भट्टीत गेलं होतं. त्याचा दुसऱ्या गावच्या खाणीतला पुढचा पगार यायला दोन आठवडे होते.

सासरे मात्र उठले. बुटांत पाय घालून, बर्फातून रस्त्यापलीकडच्या आपल्या घरी गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. मुलांचे आजोबा म्हणून आम्ही सगळेच त्यांना पेपेर म्हणतो. डब्यात दहा नाणी होती. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला कुठलातरी प्राणी, आणि प्रत्येकावर ठळक आकडा: शंभर डॉलर.

"चार वर्षांत जमवलीत, पोरांसाठी," ते म्हणाले. "सरकारी टाकसाळीतून शंभराचं नाणं शंभरालाच. शंभराच्या खाली ते जाऊ शकत नाही, आणि आत चांदी आहेच. नोटेत काय असतं? आता तर कागदही नसतो, प्लास्टिक असतं. घे, मिरेय. हजार आहेत."

"बाबांना चांदी दिसली की संपलं," रेआल म्हणाला. "आईला मागणी घालायला गेले तेव्हा आधी तिचे दात तपासले असतील."

"तपासले होते. एक सोन्याचा निघाला, म्हणून तर विचारलं."

आमच्या कोबाल्ट गावात चांदीबद्दल पेपेरांशी वाद घालणारं कुणी नाही. इथल्या खाणी चालू होत्या तेव्हा कोणत्या दगडात किती चांदी आहे ते ते प्रयोगशाळेत बसून सांगायचे. त्यांनी कागदावर आकडा लिहिला की कंपनी आणि खरेदीदार दोघंही गप्प बसायचे. खाणी बंद झाल्यावर त्यांनी निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवली. त्यांचं म्हणणं, तो मालही मौल्यवानच होता, फक्त आरडाओरडा फार करायचा.

बुधवारी पेपेरांना मुलांपाशी बसवून मी डबा घेऊन बँकेत गेले. खिडकीत गिलेन होती, रेआलच्या वर्गातली. तिने एक नाणं उचललं, उलटंपालटं केलं आणि डबी हळूच माझ्याकडे सरकवली.

"हे मला घेता येत नाही गं."

"खोटं आहे?"

"छे. अगदी खरं आहे. पण आमच्यावर घ्यायची सक्ती नाही. हे मोजणीच्या यंत्रात जात नाही, रोकड नेणारी गाडी नेत नाही. घेतलं तर ते माझ्या खणातच राहणार."

"गिलेन, यावर शंभर लिहिलंय."

"मला वाचता येतं, मिरेय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू पहिली नाहीस. गेल्या महिन्यात एक म्हातारी चाळीस घेऊन आली होती. तिला नाही म्हणाले आणि दुपारी मला जेवण गेलं नाही. हालोनेनकडे जाऊन बघ."

हालोनेन जुनी नाणी आणि जुनी घड्याळं विकतो. त्याने नाणी नुसती हातात तोलली. "बावीस," तो म्हणाला. "एकाचे."

"शंभराचं नाणं आहे."

"ते घेणारा भेटला तर शंभराचं. मला पुढे देता येते ती फक्त चांदी. मी फसवत नाहीये, बाई. वाटल्यास भाव दाखवतो."

त्याने दाखवला. तो फसवत नव्हता.

परतताना गाडी मी फार हळू चालवली. हजाराचे दोनशेवीस झाले होते, पण मला त्यापेक्षा घरी वाट बघणाऱ्या माणसाची भीती वाटत होती. ज्या माणसाच्या आकड्यापुढे अख्खं गाव मान डोलवायचं, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की चांदीतच तुमचा हिशेब चुकला? मी एक वाक्य तयार केलं: बँकेला दोन दिवस लागतील म्हणे. वळणावर ते दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं. बरं वाटत होतं.

पेपेर चुलीपाशी वाटाण्याचं सूप ढवळत होते. बाळ त्यांच्या खांद्यावर होतं, एलोईज खुर्चीवर उभी राहून मीठ किती घालायचं ते सांगत होती.

"भरले?" त्यांनी विचारलं.

वाक्य तयार होतं. पण त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि मी तो टेबलावर ठेवला.

"हालोनेन किती म्हणतोय?"

"बावीस."

"बरोबर आहे. एवढीच आहे त्यात चांदी."

मी कोट न काढताच बसले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिलं नाणं आलं त्याच संध्याकाळी तळघरातल्या काट्यावर ठेवलं होतं. पाव चांदी, पाऊण शब्द."

"मग घेतली कशाला, पेपेर? दहा दहा?"

त्यांनी गॅस बारीक केला. बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आयुष्यभर लोकांनी माझा आकडा काटा न बघता मान्य केला. कुणी कधी म्हटलं नाही की ऑरेल, पुन्हा तोल. म्हटलं, आता आपणही कुणाचातरी आकडा तसा घ्यावा. सरकारचा आहे. राणीच्या डोक्यामागे छापलाय." सुपात चमचा फिरवत म्हणाले, "तोलला तरीही. सवय जात नाही. पण तोलूनही विश्वास ठेवला, ते चुकलं."

"नाणं खोटं नाहीये," मी म्हणाले. गिलेनचंच वाक्य.

"नाहीच. ठेवायचं असेल तर सुंदर आहे. ते गरुडाचं बघ. भिंतीवर टांगायला घ्यावं. पोरीच्या शाळेसाठी घेऊ नये. यंदाचं मागवायचा कागद भरून ठेवलाय. तो आता फाडून टाकतो." आणि मग एकदम जुन्या आवाजात, "कॉलेजला फोन लाव. सूप मी बघतो."

"त्यांना काय सांगू?"

"जे आहे ते. आकडा खरा असला की लाज वाटत नाही."

कॉलेजातली बाई पाच मिनिटं कुठेतरी गेली. मी रिसीव्हर धरून उभी. परत आली आणि म्हणाली, शुक्रवारी दोनशे भरलेत तर जागा ठेवू, बाकीचे मेअखेर. मी आभार मानले, फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले. पेपेरांनी मुद्दाम चमचा जोरात वाजवला, एलोईजने माझं तोंड बघू नये म्हणून.

गुरुवारी सकाळी मुलांना घेऊन पेपेर आणि मी हालोनेनकडे गेलो. पेपेरांनी नाणी स्वतः, एकेक करून, काउंटरवर मांडली.

"या अस्वलावर बोटं उमटलीत," हालोनेन म्हणाला.

"आमच्या परीक्षकाची आहेत," पेपेर म्हणाले. एलोईज ताठ उभी राहिली.

मी म्हटलं, एक ठेवून घेऊया, गरुडाचं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "ठेवलंस तर मला रोज त्याच्याकडे बघावं लागेल."

हालोनेनने विसाच्या अकरा नोटा दिल्या. पेपेरांनी त्या मोजल्या नाहीत, सरळ माझ्या हातात ठेवल्या आणि बाळाची टोपी कानांवर ओढत बाहेर पडले.

गाडीत एलोईज मागच्या सीटवर बोटांवर काहीतरी करत होती. तिला शंभरापर्यंत मोजता येतं, आणि शंभर म्हणजे सगळ्यात मोठं, असं तिचं मत आहे.

"मामाँ," ती म्हणाली. "पेपेरांनी एकेका नाण्याचे शंभर दिले होते ना?"

"हो."

"आणि त्या काकांनी एकाचे बावीसच दिले?"

"हो, बाळा."

पेपेर खिडकीबाहेर बघत होते.

"मग उरलेले आत्ता कुणाकडे आहेत?"