सूतभर डावीकडे

“कापलेला तुकडा कुठाय?” सासऱ्यांनी अंगणातून विचारलं.

मी गच्चीवर होतो आणि माझ्या खिशातून पक्कड डोकावत होती. अशा अवस्थेत माणसाने खोटं बोलू नये. मी सांगितलं, की त्या तारेचे मी चार तुकडे केले. दोनांनी फाटक बांधलं, एकाने खराटा, आणि चौथ्याचं अजून ठरायचंय.

एक वाजून बारा मिनिटं झाली होती. दीडच्या बातम्यांत माझी बायको, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार होती. बातम्या वाचणार दुसरीच बाई. माझी बायको कोपऱ्यातल्या चौकटीत उभी राहून त्याच बातम्या हातांच्या खुणांनी सांगणार. सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्या लेखी टीव्ही म्हणजे विनाकारण तोंड हलवणारी माणसं. आज त्यातलं कुणीतरी त्यांच्याशी बोलणार होतं.

मोबाइलवर पाहू, असं मी आधी सुचवलं होतं. पण मोबाइलवर ती चौकट वाटाण्याएवढी होते आणि सासूबाईंची नजर अधू झालेली. शिवाय सासऱ्यांनी चाळीस वर्षं अख्ख्या गावाच्या छपरांवर अँटेना बसवले होते. स्वतःची मुलगी मोबाइलवर पाहायची वेळ आली, तर त्यांनी टीव्हीच्या आधी मला बाहेर काढलं असतं. गाव त्यांना सूतभरकाका म्हणतं, कारण अँटेना फिरवणाऱ्याला ते खालून कायम सूतभर डावीकडे नाहीतर सूतभर उजवीकडे सांगतात. न्हाव्यालाही हेच सांगत असावेत.

पूर्वी चित्र बिघडलं तरी पडद्यावरच्या मुंग्यांच्या मागे माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये मधली गोष्टच नाही. एकतर काचेसारखं स्वच्छ, नाहीतर नाकाच्या जागी चौकोन. आणि खुणांच्या भाषेत दोन बोटं गायब झाली की बातमीच बदलते.

या बातम्यांचं प्रक्षेपण केंद्र पश्चिमेला, खूप लांब. एका अँटेनाने नुसते चौकोन यायचे. म्हणून सासऱ्यांनी गच्चीच्या दोन कोपऱ्यांत दोन सारखे अँटेना लावायचे ठरवले. दोघांची तोंडं एकाच मनोऱ्याकडे, दोघांच्या तारा एका छोट्या जोडपेटीत आणि तिथून एकच तार खाली टीव्हीला. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना शिडी बंद केली होती. त्यामुळे वर मी आणि अंगणात ते. कामाला चार दिवस लागले, त्यातले तीन सूतभरमध्ये गेले. पण काल संध्याकाळी चित्र असं आलं, की निवेदकाच्या कानावरचे केस मोजता यावेत.

एक अँटेना पेटीच्या अगदी जवळ होता. तरी त्याची तारही लांबच्याएवढीच ठेवून उरलेलं वेटोळं टांगलं होतं. आज सकाळी मी गच्ची झाडली. बायकोचा मोठा दिवस, नीटनेटकं असावं. ते वेटोळं डोळ्यांत खुपत होतं. निम्मं कापलं, उरलेलं अँटेनाच्या दांड्याला गुंडाळलं आणि टोक परत पेटीत बसवलं. दुपारी टीव्ही लावला, तर पुन्हा चौकोन.

सासरे चिडले नाहीत, हेच वाईट होतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की दोघे एकच निरोप आणतात. वाट सारखी असली तर पेटीपाशी एका सुरात बोलतात. एक आधी पोचला, की एकमेकांचं बोलणं खोडत बसतात. मला आमच्या लग्नाच्या बैठकीतले दोन काका आठवले. तुकडे पुन्हा जोडून देतो म्हटलं, तर म्हणाले, प्रत्येक जोडाला सिग्नल गळतो, आणि इथे आधीच थेंबथेंब येतोय.

मग ते शिडी चढले. सासूबाईंनी खिडकीतून हातवारे केले. मला खुणा थोड्याच येतात, पण ‘गुडघा’ आणि ‘गाढव’ एवढं कळलं. दुसरं माझ्याबद्दल असावं.

त्यांनी माझी आखूड तार वितीने मोजली आणि लांबची तेवढीच कापली. आता दोन्ही टोकं फक्त गच्चीच्या मधोमध भेटत होती, छातीच्या उंचीवर, हवेत. तिथे ना भिंत, ना खांब. खालची तार ओढून कशीबशी तिथवर आली. पेटी दोरीने टांगून पाहिली, तर वाऱ्याने हलली आणि सासूबाईंनी खिडकीतून हवेत चौकोन काढून दाखवले. सहा मिनिटं उरली होती.

मी म्हटलं, मी धरतो, तुम्ही खाली जा.

त्यांनी पेटी दोन्ही हातांत घेतली. “चाळीस वर्षं लोकांच्या गच्चीवरून विचारत आलोय, दिसतंय का. आणखी वीस मिनिटं. तुम्ही जा जावईबापू. दिसतंय हे सांगायला खाली माणूस लागतो.”

मी गेलो.

बायको आली. काळे कपडे, ताठ मान. पहिल्याच मिनिटाला तिच्या कोपरावर दोन चौकोन उगवले. मी खिडकीतून ओरडलो, सूतभर डावीकडे. वर पाय घासल्याचा आवाज झाला आणि कोपर परत मिळालं.

सासूबाई रडल्या वगैरे नाहीत. पुढे सरकून बसल्या. त्यांची बोटं मांडीवर मुलीच्या बोटांबरोबर हलत होती, शाळेत मूल कविता म्हणताना शिक्षक ओठ हलवतात तशी. हवामानाच्या वेळी बायकोने ढगासाठी एक खूण केली, जी फक्त या घरात चालते. सासूबाई हसल्या. बाकीच्या प्रेक्षकांना त्या दिवशी काय कळलं, देव जाणे.

बातम्या संपल्या. मी सांगायला उठलो, तोवर सासूबाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होत्या. त्यांना डॉक्टरांनी काही म्हटलं नव्हतं.

वर सासरे तसेच उभे होते. पेटी अजून दोन्ही हातांत. सासूबाई त्यांच्यासमोर थांबल्या, पदर खोचला, आणि हातांनी सांगू लागल्या. मथळ्यापासून.

“संपल्या बातम्या,” मी म्हटलं. “सोडा आता.”

त्यांनी नजर हलवली नाही.

“थांबा जरा,” ते म्हणाले. “हात मोकळे झाले की मी मध्येच बोलतो.”